फॉरवर्डची जागा

काकू हे त्यांचं नाव आहे, असं आमच्या टीममधल्या अमेरिकन मुलींना बरेच दिवस वाटत होतं. एकीची तर पक्की समजूत होती की ऑस्ट्रेलियात फुटबॉलच्या कोचला काकू म्हणतात. मी तिला खरा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "सो शी इज एव्हरीवन्स आँट? दॅट्स वर्स." तिचं बरोबर होतं. कोचला एकवेळ उलटून बोलता येतं.

मला त्या पहिल्यांदा भेटल्या त्या व्हर्जिनियात, हर्नडनच्या इंडियन ग्रोसरीत. मी कोथिंबीर निवडत होते. मागून आवाज आला, "उंची किती गं तुझी?"

वळून बघितलं तर साठी ओलांडलेल्या एक बाई. कुडता, खाली ट्रॅकपँट, पायात स्पाइक्सचे बूट आणि काखेत लंबगोल लाल बॉल. मला वाटलं, स्थळ घेऊन आल्या आहेत.

"लग्न झालंय माझं," मी म्हटलं.

"त्याच्याशी मला काय करायचंय? हात वर कर."

आणि मी भर दुकानात, एका हातात कोथिंबीर धरून, दुसरा हात वर केला. का केला ते आजही सांगता येणार नाही. काकूंनी सांगितलं की माणूस आधी करायचा आणि मग विचार करायचा. त्यांनी माझा हात लांबून पाहिला, भाव पटल्यासारखी मान हलवली आणि मंगळवारी संध्याकाळी कोणत्या मैदानावर यायचं ते सांगून त्या भेंडीकडे गेल्या.

मी नागपूरची. शाळेत खो-खो खेळले तेवढंच. ऑस्ट्रेलियन फुटबॉल नावाचा वेगळा खेळ असतो हेच मला ठाऊक नव्हतं. आमचं मैदानही खरं म्हणजे सॉकरची दोन मैदानं जोडून केलेलं, कडेने नारिंगी कोन मांडून अंडाकृती बनवलेलं. डोक्यावरून विमानं जायची. काकूंनी मला पहिल्या दिवशी चार काठ्यांपाशी उभं केलं आणि खेळ समजावला. मधल्या दोन उंच काठ्यांमधून बॉल किक केला की गोल, सहा पॉइंट. बाजूच्या फटीतून गेला तर एक. लांबून किक केलेला बॉल हवेतच झेलला तर त्याला मार्क म्हणायचं. मग झेलणारीला कुणी हात लावायचा नाही, तिने निवांत किक मारायची.

"म्हणजे नेम चुकला तरी एक पॉइंट?" मी विचारलं.

"तर. चुकल्याबद्दल काहीतरी हातावर ठेवणारा दुसरा खेळ दाखव मला," काकू म्हणाल्या. जणू तो नियम त्यांनीच करून घेतला होता.

त्या मूळच्या मिरजेच्या. काकांच्या नोकरीमागे मेलबर्नला गेल्या आणि तिथे एका उपनगरातल्या क्लबच्या कॅन्टीनमध्ये शनिवारी हात लावायला म्हणून जाऊ लागल्या. कॅन्टीनची खिडकी बरोबर गोलच्या मागे उघडायची. खिमा भरलेले गरम ‘पाय’, म्हणजे तिकडचे पॅटिस, विकता विकता त्यांनी कित्येक हिवाळे खेळ बघितला, तोही मागून. पुढे रीतसर कोर्स करून त्या लहान मुलींच्या कोच झाल्या. काका गेल्यावर मुलाकडे व्हर्जिनियात आल्या आणि आल्या त्याच आठवड्यात, इथे हा खेळ कोण खेळतं, हे शोधून काढलं.

बॉल हातातून पायावर सोडणं ही या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट. काकू म्हणायच्या, "टाकू नकोस. झोपलेलं पोर पाळण्यात ठेवतो तसा ठेव." अमेरिकन मुलींना हे त्या अभिनय करून सांगायच्या, अगदी पाळण्याला झोका देण्यापर्यंत. बॉल चिखलात पडला की त्या तो स्वतःच्या कुडत्याला पुसायच्या आणि त्याच्याशी मराठीत बोलायच्या. मध्यंतरात सगळ्या टीम्स संत्र्याच्या फोडी खातात. आमच्याकडे आलेपाक मिळायचा. समोरच्या टीमला वाटायचं, या काय खातात की दुसऱ्या हाफमध्ये यांचे चेहरे लाल होतात.

शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. दोन बोटं तोंडात घालून त्या जी शीळ घालायच्या, तिने पार्किंगमधली कुत्री उभी राहायची.

कोथिंबिरीपाशी पकडलेली मी एकटी नव्हते. देवळात, दिवाळीच्या कार्यक्रमात, गणिताच्या क्लासबाहेर, जिथे म्हणून मराठी आयांच्या उंच मुली उभ्या असतील तिथे काकू उभ्या. ईशाला त्यांनी तिच्याच अरंगेत्रमच्या जेवणात पकडलं. अठरा वर्षांची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, हात लांब आणि चेहरा कायम माफी मागितल्यासारखा. तिची आई पुण्याची. ती म्हणाली, "काकू, ती डान्सर आहे हो." काकू म्हणाल्या, "म्हणूनच. तिला उडी मारल्यावर खाली कसं यायचं ते माहीत आहे."

त्यांनी ईशाला फॉरवर्ड केलं. फॉरवर्ड म्हणजे गोलच्या तोंडाशी उभी राहणारी, टीमने मेहनत करून आणलेला बॉल झेलून गोल करणारी. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. ईशा पहिल्या सीझनला जितके बॉल झेलायची त्याहून जास्त सोडायची. मी बॅकला, म्हणजे आपल्या गोलच्या राखणीला. तिथे चुका लपतात. फॉरवर्डच्या लपत नाहीत.

आमच्या क्लबच्या प्रेसिडेंटचं नाव केली. शाळेत सायन्स शिकवायची. हा क्लब तिने उभा केला होता. मैदान मिळवण्यापासून कोन मांडण्यापर्यंत सगळं तिने केलेलं. स्वतः मधल्या फळीत खेळायची, चाळिशीकडे झुकलेली होती आणि सीझनच्या शेवटी मिळणारा कप तिने कधी हातात धरला नव्हता. हे तिने बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

त्या वर्षी केलीला ब्री सापडली. ब्री मेलबर्नची, तिथे अगदी वरच्या पातळीवर खेळलेली फॉरवर्ड. नवऱ्याच्या कामानिमित्त काही काळासाठी वॉशिंग्टनला आलेली. वय पस्तिशीच्या पुढे, दोन्ही गुडघ्यांवर ऑपरेशनच्या खुणा. पण पहिल्याच प्रॅक्टिसला तिने जो बॉल झेलला तो बघून आम्ही सगळ्या खेळायच्या थांबलो. ती उडी मारत नव्हती. बॉल जिथे येणार तिथे ती आधीच जाऊन उभी असायची.

काकूंनी तिला मिठी मारली. "तुझ्यासाठी मी कॅन्टीनच्या काउंटरवर चढले आहे, मेट," असं त्यांच्या मिरज-मेलबर्न इंग्लिशमध्ये सांगितलं, आणि तिने कुठल्या मॅचमध्ये कुठल्या कोपऱ्यातून गोल मारला होता तेही सांगितलं. ब्रीचे डोळे भरून आले. मग काकू तिला म्हणाल्या, "तू बॅकला खेळशील का?"

ब्री हसली. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की आता कुणाच्या मागे पळणं गुडघ्यांना झेपत नाही. फॉरवर्ड म्हणून एका जागी उभी राहून ती अजून कुणालाही भारी पडेल. त्यामुळे फॉरवर्ड, नाहीतर बाक.

"मग बाक," काकू म्हणाल्या. तितक्याच प्रेमाने.

आधी सगळ्यांना वाटलं, चेष्टा आहे. पण मॅचमागून मॅच गेली, ईशा बॉल सोडत राहिली, आणि ब्री टॉवेल खांद्यावर टाकून बाकावर बसत राहिली. आम्ही कशाबशा फायनलला पोचलो. तेव्हा केलीने कमिटीची मीटिंग बोलावली, एका डोशाच्या हॉटेलात, दुपारची. कमिटीत मीही होते.

केलीने अगदी शांतपणे मांडलं. "काकू, ब्री दरवर्षी मिळणार नाही. ईशा अजून पंधरा वर्षं खेळेल. आम्ही सगळ्याच नाही. एक मॅच. फक्त ही एक."

"एकच मॅच असते नेहमी," काकू म्हणाल्या. "मेलबर्नला आमच्या क्लबनेही असाच एक म्हातारा स्टार आणला. एका सीझनपुरता. माझा मुलगा फॉरवर्ड होता, शाळकरी पोरगा. त्याला बाहेर बसवला. कप आला. तो अजून तिथल्या कपाटात आहे. पण माझ्या मुलाने त्यानंतर बॉलला पाय लावला नाही."

डोसे गार झाले. शेवटी केली म्हणाली, "मला वाईट वाटतं. पण हा वेगळा क्लब आहे. फायनलला ब्री फॉरवर्ड खेळेल. नाहीतर पुढच्या सीझनला आम्ही दुसरा कोच बघू."

"पुढच्या सीझनचं पुढच्या सीझनला," काकू म्हणाल्या आणि त्यांनी वेटरला अजून चटणी मागितली.

काकूंचा मुलगा त्यांना मैदानावर सोडायला यायचा, पण गाडीतून उतरायचा नाही. मांडीवर लॅपटॉप घेऊन प्रॅक्टिस संपेपर्यंत पार्किंगमध्ये बसायचा. मीटिंगनंतर मला त्याचं कारण कळल्यासारखं वाटलं. एकदा मी खिडकीपाशी जाऊन म्हटलं, "तुमच्या फुटबॉलचं ऐकलं काकूंकडून. वाईट झालं."

तो हसायलाच लागला. "त्या स्टारमुळे सोडलं, हेच ना? अहो नाही. थंडीत, चिखलात पळायचा मला मनापासून वैताग यायचा. तो आला आणि माझी सुटका झाली. मी आईला कितीदा सांगितलंय यार."

मला राग आला. ज्या गोष्टीवर सगळी मीटिंग गप्प झाली होती ती गोष्टच खरी नव्हती. काकू कोन गोळा करत होत्या. मी सरळ जाऊन विचारलं.

"म्हणतो खरा तो तसं," काकू म्हणाल्या. "असेलही."

"मग मीटिंगमध्ये तसं का सांगितलंत?"

त्यांनी कोनांचा ढीग माझ्या हातात दिला. "त्याला कंटाळा आला होता, बरोबर. त्या वयात कुणाला येत नाही? कंटाळलेलं पोर चार महिन्यांनी पुन्हा पळायला लागतं. पण ते चार महिने त्याला कुणी दिलेच नाहीत. आयता स्टार मिळाला होता, पोराला कोण विचारणार? तो म्हणतो सुटका झाली. मी म्हणते, त्याला सुटायची इतकी सोय करून द्यायला नको होती."

"पण काकू, तुमचं कारण चुकीचं असू शकतं."

"कारण चुकलं असेल. निर्णय नाही चुकला."

मी कोन नेऊन गाडीत ठेवले.

फायनलच्या दिवशी हवा स्वच्छ होती आणि वारा आडवा. काकूंनी टीम सांगितली. फॉरवर्ड, ईशा. केलीचा चेहरा पांढरा पडला, पण ती मैदानात गेली. ब्री बाकावर जाऊन बसली, टॉवेल डोक्यावर घेऊन.

पहिल्या हाफमध्ये ईशाचं काहीच जमलं नाही. बॉल तिच्या बोटांवरून निसटत होते. एक अगदी सोपा मार्क मिळाला, तर किक बाजूच्या फटीतून गेली. मग एक गोष्ट झाली जी बाहेरच्यांना कळली नसेल. केलीने तिच्याकडे बॉल द्यायचं बंद केलं. ईशा एकटी मोकळी उभी, हात वर, आणि केली मुद्दाम दुसरीकडे किक करायची. मी मागून ते बघत होते. लांबून हात वर केलेली माणसं फार एकटी दिसतात.

मध्यंतरात आम्ही बऱ्याच मागे होतो. आलेपाक कुणी घेतला नाही. ईशा काकूंसमोर येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र इंग्लिशमध्ये.

"काकू, टेक मी ऑफ. प्लीज."

"का?"

"आय ॲम लूझिंग इट फॉर एव्हरीवन."

"बरं. हर मग," काकू म्हणाल्या. "पण तिथे उभी राहून हर. बाकावर बसून नाही."

ईशाची आई कडेला उभी होती. ती पुढे आली. "काकू, काढा हो तिला. रडायला आलीये पोर."

"रडत रडत मार्क घेता येतो. दिसतो बॉल," काकू म्हणाल्या. मग त्या केलीकडे वळल्या. सगळ्यांसमोर, अगदी सावकाश, इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "केली, मेट. मी कोच राहायचं की नाही, ते तू उद्या ठरव. पण ती मुलगी आज तुझी फॉरवर्ड आहे. तिला तू बॉल देत नाहीयेस. हे माझ्याशी भांडण नाही, हे तिच्याशी आहे. आणि तिने तुझं काय केलंय?"

केली खाली वाकली. बूट घट्ट बांधून निघून गेली.

शेवटच्या क्वार्टरमध्ये केलीला मध्ये बॉल मिळाला. तिने मान वर केली. ईशा समोर होती, हात वर. केली क्षणभर थांबली, मग तिने किक केली, चांगली उंच, मनापासून. ईशाने दोन जणींच्या मधून उडी मारली आणि बॉल छातीशी धरून खाली आली. गोल. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. पुन्हा गोल. बाकावर ब्री उभी राहिली होती, टॉवेल गोल फिरवत. अगदी शेवटी, अंतर एका गोलचं राहिलं असताना, ईशाने तिसरा मार्क घेतला. किकचा कोन वाईट होता, वारा आडवा. तिने बॉल पाळण्यात ठेवावा तसा पायावर ठेवला. बॉल गेला, वळला आणि काठीला लागला. त्याचाही एकच पॉइंट. भोंगा वाजला. आम्ही हरलो.

ईशा गवतावर बसली होती. ब्री तिच्याशेजारी जाऊन बसली, काहीतरी बोलली, मग उठून आमच्याकडे आली. मला म्हणाली, "तुझी काकू बरोबर आहे. आणि मी तिच्यावर भयंकर चिडलेली आहे. दोन्ही."

दुसऱ्या दिवशी कमिटीचं ईमेल गेलं. मी विरोधात मत दिलं, पण मी एकटीच होते. काकूंना कोचपदावरून काढलं होतं, आभार वगैरे मानले होते. काकूंनी सगळ्यांना एका शब्दाचं उत्तर पाठवलं, मराठीत. "वाचलं."

नवा सीझन सुरू झाला त्या मंगळवारी मी मैदानावर गेले तर एका टोकाला केली, नवा कोच, ब्री आणि टीम. दुसऱ्या टोकाला काकू. चार कोन, दोन बॉल आणि ईशा. मैदान पब्लिक होतं, कुणाला काही म्हणता येत नव्हतं. मी पार्किंगमध्ये जरा वेळ उभी राहिले आणि काकूंच्या टोकाला गेले. हळूहळू तिथे अजून मुली जमल्या, कुणाला पकडून आणलेलं, कुणी आपणहून आलेल्या.

मी सर्वस्वी काकूंच्या बाजूने होते असं नाही. शेवटच्या क्वार्टरला ब्रीला आणायला हवं होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "आणली असती तर जिंकलो असतो." त्यात काही लपवाछपवी नव्हती, पश्चात्तापही नव्हता.

त्या सीझनला केलीच्या टीमने ब्रीला फॉरवर्ड खेळवून कप जिंकला. काकू मॅच बघायला गेल्या होत्या. केलीने कप उचलला तेव्हा त्यांनी दोन बोटांची शीळ घातली. केलीने त्यांच्याकडे बघितलं आणि ती रडली, असं मला ईशाने सांगितलं.

मग ब्री मेलबर्नला परत गेली. नवा कोच गेला. वयाने मोठ्या दोघी-तिघींनी, कप मिळाला, आता पुरे, म्हणून खेळ सोडला. केलीच्या टोकाला मुली इतक्या कमी उरल्या की त्यांना आपसात मॅच खेळता येईना. एका मंगळवारी ती मैदान ओलांडून आमच्याकडे आली.

"काकू, परत याल का?"

"मी कुठे गेले होते?" काकू म्हणाल्या. "मी इथेच आहे. तुम्ही या इकडे."

केलीने मागे वळून हात केला, आणि त्या मुली बॅगा उचलून आमच्या टोकाला आल्या. काकूंनी आलेपाकाचा डबा फिरवला.

ईशा पुढे मोठी स्टार वगैरे झाली नाही. बरी फॉरवर्ड झाली. अजूनही सोपे बॉल सोडते, पण आता चेहरा माफी मागत नाही.

गोष्ट इथेच थांबली असती तर माझ्या मनात काकूंची गोड आठवण राहिली असती. पण एकत्र टीमच्या पहिल्या मॅचला त्यांनी नावं वाचली आणि त्यात मी नव्हते. माझ्या जागी बॅकला एकोणीस वर्षांची नवी मुलगी होती, जिला बॉल कुठल्या बाजूने धरायचा हेही नीट माहीत नव्हतं.

"काकू, माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही."

"मी तुमच्यासाठी कमिटीत भांडले. तुमच्या टोकाला आले."

"माझ्यासाठी आली असशील तर चुकलीस. बाजू वेगळी, जागा वेगळी."

"तिला अजून धड झेलता येत नाही."

"तुला येत होतं?"

मी बूटही न काढता तशीच गाडी चालवत घरी आले. नवरा म्हणाला, झालं ना आता, गुडघाही दुखतो तुझा, सोड. त्याने सोड म्हटल्यावर मला कळलं की मी सोडणार नाही.

मंगळवारी मी प्रॅक्टिसला गेले आणि त्या मुलीच्या समोर उभी राहिले. तिला एकही बॉल मिळू दिला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. ती काकूंकडे बघायची. काकू आकाशातलं विमान बघायच्या. मग एका संध्याकाळी तिने मला खांद्याने अशी काही धडक दिली की मी बाजूला पडले, आणि बॉल तिच्या हातात होता. ती घाबरून "सॉरी, सॉरी" करायला लागली. लांबून काकूंचा आवाज आला, "सॉरी म्हणू नकोस तिला. ती उठेल आत्ता."

मी उठले. काकू जवळ आल्या आणि माझ्या गुडघ्याकडे बघत म्हणाल्या, "पूर्वीपेक्षा बरी पळतेस तू."

"मग घ्या टीममध्ये."

"जागा मी कशी देणार? तिच्याकडून घे."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या मुलाने नोकरी बदलली आणि त्या त्याच्याबरोबर टेक्ससला, अर्विंगला गेल्या. तिथे उकाडा फार आहे आणि मुली उंच आहेत, असं त्या सांगतात. अधूनमधून त्यांचा फोन येतो. खुशाली विचारत नाहीत. एकदम विचारतात, "घेतलीस का जागा?"

"अजून नाही, काकू. ती आता चांगली खेळते."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? उजेड आहे ना तिकडे अजून?"

उजेड असतो. मी बॅग उचलते आणि निघते.